काटकसरीचे सोमवार

पहिला सोमवार मी ठरवून धरला नव्हता. त्या सकाळी पीठ कमी पडलं, एवढंच. डबा उलटा केला, बुडाला थापा मारल्या, निघालं तेवढं मळलं. पोळ्या ह्यांच्या डब्यात गेल्या, मुलीच्या डब्यात गेल्या, उरल्या त्या बापलेकीने चहाबरोबर खाल्ल्या. हे म्हणजे माझे यजमान. भाड्याची ई-रिक्षा चालवतात. चपला घालता घालता त्यांचं लक्ष रिकाम्या टोपल्याकडे गेलं.

"अन् तुह्यं काय व?"

"आज सोमवार हाय ना," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय? उपास."

उज्जैनमध्ये सोमवारच्या उपासाचं कारण कुणी विचारत नाही. उलट इतकी वर्षं ह्या गावात राहून आपण धरला कसा नाही, असंच त्यांना वाटलं असावं. दारातून ते जरा लाजून म्हणाले, "मह्यासाठी बी मांग काही," आणि गेले. सोमवार म्हणजे ह्यांचा कमाईचा वार. बाहेरगावचे लोक दर्शनाला येतात, रिक्षा दिवसभर भरलेली असते.

मुलगी तेव्हा चौथीत होती. बूट घालत तिने विचारलं, "मम्मी, उपासात भूक नाही लागत का?"

"नाही. देव लागू देत नाही."

"अच्छा," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. तिचं ते बघणं मला तेव्हा नुसतं बघणं वाटलं.

आम्ही वाशिमकडचे. लग्न झाल्यावर ह्यांच्या एका गाववाल्याच्या ओळखीने इकडे आलो. माझी शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणते, पण सोडली मीच. चुलीपाशी आई आणि बा बोलत होते की यंदा दोघा पोरांच्या पुस्तकांचं, कपड्यांचं एकदम काही जमत नाही. मी भिंतीपलीकडे वेणी घालत होते. दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, मले नाही आवडत शाळा, मास्तर मारते. मास्तरांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटायला घेतली. त्यानंतर घरात माझ्या शाळेचं नाव निघालं नाही. कुणी मला काढलं असतं तर मी रडले असते, भांडले असते. पण मला घरातलं कमीपण कळलं होतं, आणि ते कळल्यावर पोर आपलं आपण मागे सरकतं.

म्हणून मुलीच्या बाबतीत मी एकच ठरवलं होतं. घरात काय वाटेल ते कमी असो, तिला ते कळता कामा नये.

कमी पडायला सुरुवात खोलीच्या किरायापासून झाली. आम्ही नानाखेड्याच्या बस स्टँडमागे राहतो. पूर्वी तिकडे खोल्या सहज मिळायच्या. नंतर दर्शनार्थींची गर्दी वाढली, आणि ज्याच्याकडे एक जास्तीची खोली तो रातोरात लॉजवाला झाला. घरमालकीण मनाने वाईट नव्हती. किराया वाढवताना तिलाच अवघडल्यासारखं झालं. "देखो भाभी, सामने वाले तो एक रात में इतना ले लेते हैं. मैं तुमसे महीने का बोल रही हूँ," ती म्हणाली. मी म्हटलं, "नहीं नहीं, आपका तो एहसान है." आणि खरंच तसं वाटत होतं. तिने निघा म्हटलं असतं तर कुठे गेलो असतो?

मग तेल वाढलं, सिलेंडर वाढलं, तुरीची डाळ वाढली, शाळेची फी वाढली. माझ्या डोक्यात दिवसभर तेच चालायचं. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करायचा आणि कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचा, डाळ आतल्या आत शिजते. तूरडाळीत मसूर मिसळायची, वास येऊ नये म्हणून हिंग जरा जास्त. तेल बाटलीने ओतायचं नाही, चमच्याने घ्यायचं. भाजी बाजार उठताना आणायची. तिथे एक भाजीवाला मला लांबून बघूनच ओरडायचा, "लो, आ गई लास्ट वाली दीदी! टमाटर बटोर लो रे!" आजूबाजूचे हसायचे. मीही हसायचे. पदर डोक्यावरून जरा पुढे ओढून पिशवी पुढे करायचे. रागावले असते तर उद्या त्याने टमाटे दिले नसते.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट आपणहून हलकी झाली. मुलगी एक दिवस म्हणाली, "मम्मी, मला शाळेची वैन नको. पेट्रोलचा वास येतो, उलटीसारखं होतं. मी पैदल जाईन, माझी सहेलीपण जाते." शाळा फार लांब नव्हती. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ओवा दिला आणि वैनवाल्याला नको म्हणून सांगितलं. मनातल्या मनात देवाला हात जोडले. देवाने वाट काढली असंच मला वाटलं.

आता माझ्या कामाचं सांगते. माधव नगरात एका मराठी घरी मी दोन वेळचा स्वयंपाक करते. काका बँकेतून रिटायर झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या काळात इकडे आले, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. मी नवीन होते तेव्हा काकू म्हणायच्या, "भाजी जळून राहिली आहे, जरा देखून घे," आणि मला हसू यायचं. पण घराबाहेर पडल्यावर मराठी कानावर पडायची ती तिथेच. त्यांनी आमच्यासाठी काय केलं नाही? मुलीला डेंग्यू झाला तेव्हा काका स्वतः दवाखान्यात बसून राहिले. तिची शाळेतली अ‍ॅडमिशन त्यांच्या शब्दावर झाली. काकूंच्या जुन्या साड्या मी नेसते, त्या जुन्या वाटतही नाहीत. म्हणून पगार वाढवा असं माझ्या तोंडून निघेना. किती वर्षं तोच पगार चालला होता. रस्त्याने जाताना मी वाक्य पाठ करायचे, "काकू, जरा बोलायचं होतं," आणि दारात पोचले की काकू म्हणायच्या, "आलीस? आधी चहा पिऊन घे, ऊन किती आहे!" आणि ते वाक्य चहाबरोबर पोटात जायचं.

त्यापेक्षा उपास सोपा होता. सोमवारनंतर मी गुरुवार धरला. मग एकादशी. ह्यांना संशय येऊ नये म्हणून मोठ्या वारांनाच धरायचे. फराळाचं काही करायचे नाही, कारण साबुदाणा आणि शेंगदाणे पोळीपेक्षा महाग. "निरंकार करते," असं म्हणायचे. बरं वाटायचं ऐकायला.

पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती हिशेबात. काकूंकडे सकाळी मला नाश्ता असायचा. पोहे, कधी पराठा. तो खाऊन माझा अर्धा दिवस जायचा. पहिल्या सोमवारी काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि मी नेहमीसारखा वर आडवा हात धरला. ही माझी सवय आहे. कुणी वाढायला आलं की ताटावर तळहात आडवा धरायचा आणि मान डावीकडे वळवायची, म्हणजे समोरचा आग्रह करत नाही. त्या दिवशी म्हटलं, "नको काकू, सोमवार आहे." भूक लागली होती. घरी खोटं बोलले तर बाहेरही तेच बोलायला पाहिजे ना. काकूंची आणि आमच्या मुलीची गाठ पडायची, गोष्ट फिरली असती. म्हणजे घरची एक पोळी वाचवायला मी काकूंचे पोहे घालवले. असा माझा हिशेब.

काकूंनी बशी खाली ठेवली. "तू उपास ठेवतेस? मला सांगितलं नाहीस कधी! सोळा सोमवार आहेत काय?"

नाही म्हटलं असतं तर कशाचा, कशासाठी, कधीपासून, हे सगळं आलं असतं. मी मान हलवली. हो अशी. माझी चूक ती तिथे झाली. साधा सोमवार कधीही सोडता येतो, पण सोळा सोमवारांचं व्रत धरलं की त्याचं उद्यापन करावं लागतं. पूजा, जोडपी जेवायला बोलावणं, दक्षिणा. हे माझ्या लक्षातच आलं नाही. मान हलवताना मी फक्त पोह्यांकडे बघत होते.

त्या दिवसापासून काकू बदलल्या. पुढच्या सोमवारी ओट्यावर माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवलेली. "फरियाली आहे, तूप घालून केली. रिकाम्या पोटी माझ्याकडे काम नाही करायचं," त्या म्हणाल्या. काकूंचे गुडघे दुखतात, त्या ओट्यापाशी उभ्या राहत नाहीत. माझ्यासाठी उभ्या राहिल्या होत्या. मी खाल्ली. भूक अशी होती की ताटली बोटाने पुसली. मग दर सोमवारी काही ना काही. मोरधन म्हणजे आपली भगर, राजगिऱ्याचे लाडू, केळी. आणि व्रताच्या चूर्म्यासाठी म्हणून एक वाटी साजूक तूप. "देवाचा एक भाग, गाईचा एक, तुझा एक. करतेस ना बरोबर?"

"हो काकू."

ते तूप मी मुलीच्या पोळीवर लावायचे. गाईला नाही, देवाला नाही. लावताना महाकालाच्या दिशेला पाठ करून बसायचे, जशी काही भिंतीतून देवाला पाठच दिसणार होती. लाडूही तिच्याचसाठी पदरात बांधून न्यायचे. "कुठून आणला?" ती विचारायची. "काकूंनी तुझ्यासाठी दिला," मी सांगायचे. ती अर्धा खायची आणि अर्धा वडलांसाठी ठेवायची. किती समजूतदार पोर, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितल्याचं आठवतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

मी वाळत चालले होते. ब्लाउज ढिले झाले, टाके घातले. पोळ्या लाटताना एकदा डोळ्यापुढे काळं आलं तेव्हा ओट्याला धरून उभी राहिले. काका समोर पेपर वाचत होते. ते काकूंना म्हणाले, "हिची तबियत ठीक नाही वाटत." काकू चष्म्यावरून माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तबियतीला काय झालं? व्रताचं तेज आहे ते चेहऱ्यावर."

आणि एका सकाळी त्यांनी मला देवघरापाशी बोलावलं. नेहमी मी उंबऱ्याबाहेरून नमस्कार करायचे, त्या दिवशी त्यांनी आत बसवलं. "सोळा पूर्ण होत आले ना गं? मी कॅलेंडरवर टिकली लावून ठेवते आहे." मी वर बघितलं. त्यांच्या कॅलेंडरवर खरंच सोमवारी सोमवारी कुंकवाची बोटं उमटलेली. "उद्यापनाचं काय करणार?"

"करू काकू... साधंसंच."

"तू बोलून दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. बिल्कुल परेशान नको होऊ. उद्यापन माझ्या घरी होईल, खर्च माझा. सोळा जोडपी नाही जमणार, पाच चालून जातील. आपल्या मराठी घरांतलीच बोलावते. इतक्या श्रद्धेने कोण करतं आजकाल?"

मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार? तेव्हा सांगून टाकायचं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण त्यांचा चेहरा इतका आनंदला होता! आणि मनात एक नीच हिशेबही चालू होता, की हे निस्तरलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते डोकं खाजवत बसले. "म्हणजे मले बी यायचं? सोमवारी?"

"पूजेला जोडीनं बसावं लागते म्हणे."

"सोमवारची कमाई बुडन, मालकाले भाडं तर द्याच लागन." मग माझं तोंड बघून म्हणाले, "जाऊ दे. तुह्या देवानं इतके दिवस तुले उपाशी ठेवलं, मी एक दिवस बसतो त्याच्याजवळ." हे गमतीत म्हणाले. मी भांडी घासायला उठले.

उद्यापनाचा स्वयंपाक अर्थातच मीच केला. काकूंकडे स्वयंपाकीण मीच ना. सकाळपासून पुऱ्या, बटाट्याची भाजी, कढी, वरण-भात, चूर्म्याचे लाडू. काकूंनी मला नवी साडी नेसवली. तळणाजवळ ती सांभाळताना जीव अर्धा झाला. पाच जोडपी आली. बायका रेशमी साड्यांत, माणसं सोफ्यावर बसून क्षिप्रेच्या पुलावरच्या जामबद्दल बोलत होती. मी आणि हे पूजेला बसलो. ह्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, कॉलर आतून उलटवून शिवलेली. ती कुणाला दिसू नये म्हणून मी सारखी त्यांचा खांद्यावरचा टॉवेल सरकवत होते. गुरुजींनी संकल्प सांगितला, मी पाणी सोडलं. हात थरथरत होता. माझ्यामागे बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "बघा, अंगात भाव आहे."

मग त्या बायकांनी मला पाटावर बसवून ओटी भरली. एकेक जण वाकून नमस्कार करू लागली. काकूंच्या वयाच्या बायका! मी पाय साडीत ओढून घेत होते, त्या हसून म्हणत होत्या, "अहो घेऊ द्या, व्रत तुमचं आहे." एकीने विचारलं, "काय मागितलंत हो महाकालाजवळ?"

"पोरीचं शिक्षण," मी म्हटलं. त्या दिवसभरात खरं बोलले ते तेवढंच.

"आमच्या सुनेचंपण बोला त्याच्या कानावर. तुमचं ऐकतो तो."

मला वाटलं, आता ही फरशी दुभंगली तर बरं. फसवून घेतलेला नमस्कार अंगाला डसतो, ते त्या दिवशी कळलं.

जोडप्यांची पंगत बसली. मी वाढत होते. काकूंनी माझ्या मुलीलाही कडेला एक ताट मांडून दिलं. शाळेला सुट्टी काढून आणलं होतं तिला. घरी पुरी क्वचितच होते आणि पुरी तिला फार आवडते. मी मुद्दाम टम्म फुगलेल्या तिच्या ताटात टाकल्या होत्या. थोड्या वेळाने काकू स्वतः पुऱ्यांची चाळण घेऊन फिरू लागल्या. मुलीपाशी येऊन म्हणाल्या, "घे गं बाळ, गरम आहे."

मुलीने ताटावर तळहात आडवा धरला आणि मान डावीकडे वळवली.

"नको आजी. पोट भरलं."

मी कढीचं पातेलं धरून उभी होते. आधी मला कळेना, काय झालं आपल्याला. मग कळलं. तो हात माझा होता. बोटं जुळवलेली, अंगठा आत, मान नेमकी तेवढीच वळलेली. ताटात भाजी चाटून पुसून संपली होती आणि डोळे चाळणीवर होते. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती दर सोमवारी, दर गुरुवारी माझ्यासमोर बसून शिकत होती. आणि त्याच क्षणी मला वैन आठवली, पेट्रोलचा वास आठवला, अर्धा ठेवलेला लाडू आठवला. मास्तर मारते म्हणून सांगणारी मी आठवले.

पातेलं खाली ठेवून मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. व्रत करणारीने सगळ्यात शेवटी जेवायचं असतं. गुरुजी अजून जेवत होते. काकू म्हणाल्या, "अगं, तू आत्ता?"

"काकू, मला ताट वाढा," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. पंगतीतली बोलणी थांबली. ह्यांनी वर पाहिलं.

काकूंनी गोंधळून ताट आणलं. मी खायला सुरुवात केली. मुलीकडे न बघता खात होते, पण ती बघते आहे हे माहीत होतं. पुरी संपली. "काकू, अजून पुऱ्या," मी म्हटलं. "अन् भाजी." एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. मी मान खाली घालून खात राहिले. लाज अशी वाटत होती की घाम कपाळावरून ताटात पडेल. पण हात आडवा धरला नाही. काकू तिसऱ्यांदा आल्या तेव्हाही नाही. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "आजी, मलापण एक." मग आणखी एक. मग लाडू.

परत येताना हे रिक्षा चालवत होते, आम्ही दोघी मागे. काकूंनी दिलेला लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता.

"वैनमध्ये खरंच उलटी व्हायची का गं?" मी विचारलं.

ती बाहेर बघत राहिली. "कधी कधी," म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "मम्मी, आता तुझे सोमवार संपले ना? पूर्ण संपले?"

"संपले."

"पक्का?"

"पक्का."

तिने डबा उघडला, एक लाडू काढला आणि पुढे वाकून वडलांच्या तोंडात कोंबला. ते हसले, रिक्षा जरा वाकडी गेली, मागच्याने हॉर्न मारला. मी मात्र रस्ताभर रडत होते. धूळ गेली डोळ्यात, असं सांगायचीही गरज पडली नाही. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी काकूंच्या दारात चहाच्या आधीच मी ते वाक्य बोलले. "काकू, जरा बोलायचं होतं. पगार थोडा वाढवून हवा होता."

काकूंच्या हातात कालची फुलं होती, निर्माल्याच्या पिशवीत भरत होत्या. त्या थांबल्या. "असं एकदम? कालच तर इतका खर्च झाला गं उद्यापनात."

ते खरंच होतं. आणि मी न केलेल्या व्रतासाठी झालेला खर्च होता. मागे फिरावं असं वाटलं. पण मुलीचा तो हात डोळ्यासमोर होता. मी म्हटलं, "मला माहीत आहे काकू. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण घरी पुरत नाही. म्हणून मागते."

"पुरत नाही तर आधी का नाही बोललीस?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगितलं असतं तर कॅलेंडरवरचं सगळं कुंकू खोटं झालं असतं.

"काकांना विचारते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून काकांचा आवाज आला, "अरे, मग दे ना, केव्हाचा तोच चालला आहे." मागितला त्याच्या निम्मा वाढला. मी पाया पडले, ह्या वेळी मनापासून. काकूंनी डोक्यावर हात ठेवला, पण लगेच उचलला.

काकू पुन्हा मला देवघराच्या आत बोलावून बसवत नाहीत. रागावल्या आहेत असंही नाही. साड्या देतात, नाश्ता देतात. एकदा सोमवारी पोह्यांची बशी मी घेतली तेव्हा म्हणाल्या, "तसं उद्यापनानंतरही सोमवार पाळणारे असतात." मी मान खाली घालून पोहे खाल्ले. भांडी सगळी घासून झाल्यावर काकूंच्या देव्हाऱ्यातली पितळी समईसुद्धा न सांगता लखलखीत करून ठेवली. अजूनही अधूनमधून ठेवते. त्याने काय फिटतं कोण जाणे, पण हात तिकडे जातो.

घरी काटकसर आहेच. गोधडीत कुकर आहे, डाळीत मसूर आहे, भाजीवाल्याची लास्ट वाली दीदी अजून मीच. वैन पुन्हा लावता आली नाही. मी मुलीला सांगितलं, जमत नाही आहे सध्या, तू पैदल जातेस त्याने घराला मदत होते. हे तिला कळू नये म्हणून मी एवढं केलं होतं, आणि शेवटी माझ्याच तोंडाने सांगितलं. पण सोबत हेही सांगितलं, की शाळा सोडायची गोष्ट तू कधी काढलीस तर मी तुझ्या शाळेच्या गेटवर येऊन बसेन. ती हसली. "बैठ जाना," म्हणाली.

उद्यापनानंतरच्या सोमवारी सकाळी पीठ मोजकंच होतं. पोळ्या जरा पातळ लाटल्या, म्हणजे सगळ्यांच्या ताटात आल्या. मी तिच्यासमोर पाट ओढून बसले. ती आपली पोळी हातात धरून थांबली होती. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, पोळी संपवली आणि टोपल्यात हात घालून दुसरी घेतली. मग तिने खायला सुरुवात केली.